नारळापासून नागफणीपर्यंत: वस्तूंमधले आणि डोंगरातले चेहरे बघायला कसं शिकायचं

सगळ्यात आधी हे सांगते की यासाठी चित्रकला यावी लागत नाही, महागडा कॅमेरा लागत नाही, आणि तुम्ही फार क्रिएटिव्ह वगैरे असायला हवं असंही काही नाही. दोन ठिपके आणि त्यांच्या खाली एक रेघ दिसली की मेंदू आपलं आपण ठरवून टाकतो, हा चेहरा. जन्मून काही तास झालेलं बाळसुद्धा अशा मांडणीच्या चित्राकडे जास्त मान वळवतं. याला पॅरेडोलिया म्हणतात, नाव विसरलात तरी काही बिघडत नाही.

होतं काय की मेंदूच्या खालच्या बाजूला चेहरे ओळखायचंच काम करणारा एक छोटा भाग आहे, बहुतेकांचा उजवीकडचा जास्त जोरात चालतो, आणि तो भयंकर घाईत असतो. वस्तू डोळ्यासमोर आल्यावर साधारण सेकंदाच्या सहाव्या भागात चेहऱ्याची नोंद होऊन जाते आणि 'अरे हे तर नुसतं सॉकेट आहे' हे त्यानंतर कळतं. म्हणजे चेहरा दिसणं हे फुकट आहे, त्यासाठी काही करावं लागत नाही. शिकायचं असतं ते पुढचं: दिसलेला चेहरा धरून ठेवायचा कसा, दुसऱ्याला दाखवायचा कसा, आणि तो नक्की कशामुळे दिसतोय ते शोधायचं कसं. माझ्या मते खरी मजा या तिसऱ्या गोष्टीत आहे, पहिल्या दोन नुसत्या इन्स्टासाठी.

घरातनं सुरू करा

डोंगर नंतर. आधी स्वयंपाकघरात जा आणि एक नारळ घ्या, शेंडी काढून टाका. शेंडीखाली तीन डोळे असतात हे आपल्याला माहीत असतंच पण नीट बघितलेलं नसतं. आता नारळ हातात फिरवा. त्या तीनपैकी दोन टणक असतात आणि एक मऊ असतो, सुरीचं टोक किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून पाणी काढतो तो, कोंबही त्याच्यातूनच येतो. मऊ डोळा खाली येईल असा नारळ धरा, वरचे दोन डोळे झाले आणि खालचं झालं आ वासलेलं तोंड, करवंटीवर ज्या उभ्या शिरा असतात त्यातली एक बरोबर दोन डोळ्यांच्या मधून जाते तिचं नाक होतं, आणि आजूबाजूला काथ्याचे धागे उरलेच असतील तर दाढीपण मिळते. आता तोच नारळ अर्धा फिरवा, मऊ डोळा वर. चेहरा गेला? बहुतेकांचा जातो. तीन भोकं तीच, जागा तीच, फक्त वरचं खाली झालं आणि मेंदूने हात वर केले. हा पहिला धडा: दोन वर, एक खाली. उलटं चालत नाही.

दुसरा धडा भिंतीवर आहे. नेटवर अमेरिकन सॉकेटचे फोटो तुम्ही पाहिले असतील, घाबरलेला चेहरा असतो तो, दोन उभ्या फटी आणि खाली गोल तोंड. आपल्या थ्री पिनमध्ये असं काही दिसत नाही म्हणून लोक म्हणतात आपल्याकडे मजा नाही. अहो, आपलं सॉकेट उलटं आहे! अर्थिंगचं मोठं भोक वर आणि दोन छोटी खाली. मोबाईलवर फोटो काढा आणि गॅलरीत १८० अंशात फिरवा, मिळालं तोंड उघडून बघणारं ध्यान. घरातल्या सगळ्या बोर्डांवर अशी ध्यानं बसलेली आहेत आणि एकदा कळलं की मग रोज दिसायला लागतात, त्याला माझा इलाज नाही.

मग पुढे फिरत राहा. आडवी कापलेली भोपळी मिरची, मिक्सरची बटणं, इस्त्रीचा मागचा भाग, जुन्या दाराचा कडी-कोयंडा (दोन खिळे डोळे, लोंबणारी कडी म्हणजे नथ नाहीतर जीभ), भाकरीवरचे करपलेले डाग. भाकरीत चेहऱ्यापेक्षा नकाशे जास्त सापडतात असा माझा अनुभव, ते पण चालतील, लपलेलं चित्र म्हणजे चेहराच पाहिजे असं थोडंच आहे.

सुरुवातीला एका वेळी एकाच खोलीत बघा. घरभर फिरत बसलात तर काहीच दिसत नाही, नजर नुसती वस्तू मोजत सुटते. एका जागी बसून चहा पिता पिता समोरच्या दोन-तीन गोष्टींकडे बघत राहणं जास्त कामाचं.

दिसत नसेल तर काय करायचं

काही जण म्हणतात आम्हाला काहीच दिसत नाही हो. दिसतं. डोळे बारीक करा. पापण्या अर्ध्या मिटल्या की बारीकसारीक तपशील जातात आणि फक्त मोठे काळे-पांढरे भाग उरतात, चेहरा ओळखायला तेवढंच लागतं. चष्मा असेल तर काढून बघा, चष्मेवाल्यांना एरवी कशाचा फायदा नसतो पण इथे आहे.

दुसरा उपाय, फोटो काढून गॅलरीत एकदम छोटा करून बघायचा, जिथे एका ओळीत चार-पाच फोटो दिसतात ना तसा. त्या चिमुकल्या फोटोत चेहरा दिसला तर तो पक्का, सगळ्यांना दिसणार. मोठा करून, बोट दाखवून, 'हे बघ इथे डोळा, इथे कान' असं करावं लागत असेल तर तो कच्चा आहे, ठेवा स्वतःपुरता.

तिसरा उपाय गमतीचा आहे. मोबाईलचा कॅमेरा चेहऱ्याभोवती जो चौकोन दाखवतो तो कधीकधी वस्तूंवरपण येतो. या चेहरा ओळखणाऱ्या प्रोग्रॅमांची जी पद्धत २००१ मध्ये गाजली ती हेच करायची, डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा काळा आहे का, नाकाची कड दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ आहे का, असे उजेड-अंधाराचे चौकोन तपासत जायची. आताचे मोबाईल जास्त हुशार झालेत त्यामुळे चौकोन कमी वेळा फसतो, पण जुना फोन ड्रॉवरमध्ये पडला असेल तर काढा बाहेर, या कामाला तोच बरा.

आधी सांगायचं नाही

हा नियम मी सगळ्यात वर ठेवला असता पण मग कोणी वाचलाच नसता. दुसऱ्याला फोटो दाखवताना 'बघ म्हाताऱ्याचा चेहरा' असं आधी सांगायचं नाही. फोटो द्यायचा, गप्प बसायचं आणि विचारायचं, काय दिसतंय?

कारण एकदा सांगितलंत की संपलं, मग समोरच्याला तेच दिसणार. २०१४ मध्ये संशोधकांनी लोकांना नुसत्या मुंग्यामुंग्यांची चित्रं दाखवली, जुन्या टीव्हीवर सिग्नल गेला की यायच्या तशी, आणि सांगून ठेवलं की यातल्या निम्म्यांमध्ये चेहरे आहेत. एकातही नव्हता. तरी लोकांनी साधारण एक तृतीयांश वेळा 'हो, चेहरा आहे' असं सांगितलं. या अभ्यासाला त्या वर्षीचं इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते.

आपल्याकडचं याचं भारी उदाहरण म्हणजे खंडाळ्याजवळची नागफणी. घाट चढताना ते पुढे आलेलं टोक तुम्ही नक्की पाहिलंय. इथल्या माणसांना त्यात फणा काढलेला नाग दिसला म्हणून ती नागफणी. मग इंग्रज आले, त्यांना तिथे ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं. हा ड्यूक म्हणजे तोच वेलस्ली ज्याने १८०३ मध्ये असईला मराठ्यांशी लढाई केली, नाक एवढं मोठं की त्याला त्यावरून चिडवायचे. दगड तोच, वळण तेच. ज्याच्या डोक्यात नाग होता त्याला नाग दिसला आणि ज्याच्या डोक्यात साहेब होता त्याला साहेबाचं नाक. आता गाडीत बसलेल्या लहान पोराला 'तो बघ ड्यूक्स नोज' म्हणून दाखवलंत तर त्याला जन्मभर नाकच दिसणार. काही न सांगता विचारून बघा, पोरं काय काय सांगतात, डायनासोर काय, लाट काय, बंद मूठ काय.

म्हणून सवय लावून घ्या: तीन जणांना न सांगता विचारायचं, तिघांची उत्तरं लिहून ठेवायची, मग आपलं सांगायचं. तिघांनाही तेच दिसलं तर जॅकपॉट. तिघांना तीन वेगळी दिसली तर मला विचाराल तर ते अजून भारी.

आणि हो, विचारताना अजून एक विचारा, बाई का बुवा? अशा चेहऱ्यांमध्ये बहुतेक लोकांना पुरुषच दिसतो असं २०२२ च्या एका अभ्यासात निघालंय. नारळाचा काका होतो, काकू कधी होत नाही. लांब केस, टिकली, पापण्या असं काहीतरी जास्तीचं असल्याशिवाय मेंदू बाई मानायलाच तयार होत नाही, आता यावर काय बोलायचं.

घराबाहेर

सोसायटीतली नाहीतर रस्त्याकडेची झाडं घ्या. जिथे फांदी छाटलेली असते तिथे झाड जखमेच्या कडेने साल वाढवत आणतं आणि गोल किंवा बदामी कडं तयार होतं, मध्ये खळगा. हा झाला तयार डोळा, पापणीसकट. पावसाळ्याआधी छाटणी होते त्या रस्त्यांवर जुन्या छाटणीचे असे डोळे ओळीने मिळतात. दोन डोळे एका उंचीवर असलेलं झाड शोधा, तोंडासाठी खाली काहीतरी सापडतंच, ढोली, चीर, नाहीतर कोणीतरी ठोकलेला ट्यूशनचा बोर्ड. वड-पिंपळापेक्षा गुळगुळीत सालीच्या झाडांवर डोळे स्पष्ट येतात. वडाला एवढ्या पारंब्या आणि घड्या असतात की त्यात चेहरा नाही, पूर्ण मिरवणूक दिसते, नवीन माणसाने तिकडे जाऊ नये.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या भिंती. चिऱ्याला अंगभर भोकं असतात त्यामुळे दोन डोळे एक तोंड कुठेही जुळतं, भिंतभर चेहरेच चेहरे. ऐकायला छान वाटतं पण शिकायला ही वाईट जागा आहे, एवढी भोकं असली की काहीही जुळवता येतं. जांभा मी नेहमी शेवटी ठेवायला सांगते.

पावसाळ्यात मात्र घर सोडायची गरज नाही. ओल आलेली भिंत, रंगाचे पोपडे, छताला पडलेला पाण्याचा डाग. घरमालकाला शिव्या घालून झाल्या की त्याच डागाकडे पाच मिनिटं बघा. पाचशे वर्षांपूर्वी लिओनार्दो दा विंची चित्रकारांना हेच सांगायचा की डाग पडलेल्या भिंती बघत जा, त्यात डोंगर, नद्या, लढाया, चेहरे सगळं सापडतं. रोज एकाच वेळी डागाचा फोटो काढलात तर चेहरा म्हातारा होताना दिसतो, ओल वाढत जाते तशी हनुवटी खाली उतरते.

ढगांचं सांगायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये आकाशात बघून उपयोग नाही, सगळीकडे राखाडी चादर. मे महिन्यातल्या दुपारी आणि पुन्हा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात जे सुटे सुटे फुगलेले ढग येतात ते आपले. पण ढगाचा चेहरा दोन-चार मिनिटांत मोडतो, आधी फोटो आणि मग हाका मारा.

आणि पौर्णिमा. चांदोबावर ससा का हरीण हे घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. ते काळे डाग म्हणजे चंद्रावरची जुनी लाव्ह्याची मैदानं, बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचा दगडही बेसॉल्टच. चंद्र उगवताना बघा आणि रात्री उशिरा मावळतीकडे झुकल्यावर पुन्हा बघा, चित्र फिरलेलं असतं. संध्याकाळी नीट बसलेला ससा पहाटे तिरका झालेला असतो, आणि काही जणांना तर तेव्हा तो दिसतच नाही, नारळाचंच प्रकरण.

डोंगरातले चेहरे

आता मुख्य विषय, कारण सह्याद्री या कामासाठीच बनवलाय असं वाटावं असा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक बसत गेले, काही टणक काही मऊ. ऊन-पावसाने मऊ थर आत खचतो आणि वरचा टणक थर छज्जासारखा पुढे राहतो. त्या छज्जाची सावली पडली की भुवई आणि खाली डोळ्याची खोबण. उभ्या भेगा पडतात त्यांचं नाक होतं. मऊ थरातल्या कपारी म्हणजे तोंड. हे एकदा समजलं की कड्याकडे बघताना कुठे बघायचं ते कळतं, आधी आडवे पट्टे शोधा, मग त्यांच्या खालची सावली.

डोंगरात दोन जातीचे चेहरे असतात आणि दोघांची वेळ वेगळी, इथे नवीन लोकांचा हमखास घोळ होतो.

पहिली जात आकाशावर उमटणारी, म्हणजे बाजूने दिसणारी आकृती. नागफणी यातली. माहुलीचे सुळके यातले, आसनगावकडून दिसतात ते, त्यांना नवरा, नवरी, भटजी अशी नावं आहेत, म्हणजे कोणालातरी तिथे अख्खं लग्नच लागताना दिसलं. मनमाडजवळची हडबीची शेंडी पण यातली, तिला हल्ली ट्रेकर लोक सरळ थम्सअप म्हणतात, जुन्या माणसांना शेंडी दिसली आणि नव्यांना अंगठा. यांना मागे उजळ आकाश लागतं, त्यामुळे सूर्य उगवायच्या जरा आधी किंवा मावळल्यावर, तुमच्या आणि उजेडाच्या मध्ये डोंगर येईल असं उभं राहायचं. दगडावरचे तपशील काळे होऊन जाऊ द्या, कड तेवढी पाहिजे.

दुसरी जात सावलीतून होणारी, म्हणजे कड्याच्या अंगावर समोरून दिसणारे चेहरे. यांना तिरपं ऊन लागतं. कोकणाकडे तोंड केलेले कडे सकाळी पूर्ण सावलीत असतात, तेव्हा तिथे पहाटे उठून धावायची काही गरज नाही, निवांत पोहे खाऊन जा. दुपारी ऊन कड्याला नुकतं घासून उतरायला लागतं तेव्हा प्रत्येक छज्जाची सावली लांब पडते, तीच वेळ. संध्याकाळी ऊन थेट तोंडावर येतं, रंग मस्त सोनेरी होतो पण सावल्या जातात आणि नाक-डोळे सपाट. लोक नेमके तेव्हा पोचतात आणि म्हणतात काहीच नाही इथे. हवा स्वच्छ असते ते थंडीचे महिने सगळ्यात चांगले.

कड्यावर उभं राहून कधी चेहरा दिसत नाही, तो समोरच्या बाजूने, लांबून दिसतो. तेव्हा कडेला जाऊन वाकून बघण्यात अर्थ नाही, जीव जाईल आणि दिसणार पण काही नाही.

चेहरा मोडून बघा

ही पायरी लोक गाळतात आणि मला सगळ्यात आवडते. चेहरा सापडला, फोटो काढला, आता तो घालवून दाखवा. डावीकडे दहा-वीस पावलं जा, मग उजवीकडे, जमलं तर तासाभराने परत बघा. कुठे नाक तुटलं, कधी डोळा भरून आला हे लक्षात ठेवायचं. चेहरा जिथे मोडतो तिथे कळतं की तो कशाचा बनला होता.

नाणेघाटातला नानाचा अंगठा घ्या. कोकणातून, खालच्या बाजूने बघितलं तर खरंच आभाळात उचललेला अंगठा. घाट चढून वर या, पठारावरून बघा, गवताळ उतार आहे, चालत टोकापर्यंत जाता येतं, अंगठा गायब. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये डोंगरातला म्हातारा म्हणून प्रसिद्ध चेहरा होता, ग्रॅनाइटचे पाच कंगोरे एका विशिष्ट दिशेने बघितले तरच एका रेषेत यायचे आणि म्हाताऱ्याचं तोंड व्हायचं. राज्याचं चिन्ह तेच, नाण्यावरही तेच. त्याला साखळ्या आणि लोखंडी सळ्या लावून वर्षानुवर्षं धरून ठेवलं होतं, शेवटी ३ मे २००३ ला कोसळला.

पण या पायरीचा बाप म्हणजे मंगळावरचा चेहरा. २५ जुलै १९७६ ला व्हायकिंग १ यानाने सायडोनिया भागाचा फोटो काढला, त्यात जवळपास ३ किलोमीटर लांबीचं माणसाचं डोकं, डोळा, नाक, तोंड सगळं. नासाने फोटो दिला तेव्हाच सांगितलं होतं की हा सावल्यांचा खेळ आहे, तरी पुढची वीस-पंचवीस वर्षं लोक तिथे संस्कृती शोधत होते. आता आपण वर शिकलो ते एकेक लावून बघा. ऊन तिरपं होतं, त्यामुळे अर्धा चेहरा सावलीत. फोटो धुरकट होता, एका ठिपक्यात चाळीस-पन्नास मीटरचा इलाखा, म्हणजे डोळे बारीक करायचं काम कॅमेऱ्यानेच करून दिलेलं. आणि फोटो पृथ्वीवर पाठवताना काही ठिपके हरवून काळे पडले त्यातला एक बरोबर नाकपुडीच्या जागी आला! १९९८ आणि २००१ मध्ये दुसऱ्या यानाने वेगळ्या उजेडात, कितीतरी जास्त बारकाईने फोटो काढले, निघाली सपाट माथ्याची झिजलेली टेकडी. आपल्याकडे घाटमाथ्यावर अशा कितीतरी दिसतील.

लोकांना वाटतं कारण कळलं की मजा जाते. माझं उलटं आहे, कारण माहीत असूनही चेहरा दिसायचा थांबत नाही.

पाय दुखत असतील तर गूगल अर्थ

घरबसल्या वरून डोंगर बघायचे तर एक अडचण लक्षात ठेवा. नकाशात उत्तर वर असते आणि आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने ऊन दक्षिणेकडून, म्हणजे फोटोत खालून येतं. मेंदूला मात्र सवय आहे उजेड वरून यायची. त्यामुळे कधीकधी दऱ्या उठून आलेल्या दिसतात आणि डोंगराच्या सोंडा खोल गेलेल्या. असं झालं की नकाशा अर्धा फिरवा, दक्षिण वर करा, सगळं जागेवर येतं. चेहरे शोधताना दोन्ही बाजूंनी बघायचं.

कॅनडात अल्बर्टामध्ये मेडिसिन हॅट गावाजवळ असाच एक चेहरा आहे, बॅडलँड्स गार्डियन म्हणतात, २००६ च्या सुमारास गूगल अर्थमुळे जगभर झाला. डोक्यावर पिसांचा मुकुट घातलेला माणूस, आणि कानात चक्क इअरफोन. इअरफोनची वायर म्हणजे रस्ता, टोकाचं बोंडूक म्हणजे तेल-वायूची विहीर. आणि फुगीर वाटणारा तो चेहरा प्रत्यक्षात पाण्याने कोरलेला खोलगट भाग आहे.

फोटोबद्दल थोडं

फ्लॅश बंद, कायमचा. समोरून उजेड पडला की सावली जाते आणि सावली गेली की चेहरा गेला. वस्तूच्या फार जवळ जाऊ नका, दोन पावलं मागे या आणि झूम करा, नाहीतर नाक फुगतं. कॅमेरा त्या चेहऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, कचऱ्याच्या डब्याचा फोटो उभं राहून काढलात तर तो डबाच राहणार, गुडघ्यावर बसा, लोक बघतात, बघू देत. एक फोटो घट्ट कापलेला ठेवा आणि एक आजूबाजूचं सगळं दिसणारा, नाहीतर वर्षभराने तुम्हालाच आठवणार नाही हे कुठलं. डोंगराचा असेल तर महिना, वेळ आणि कुठून काढला ते लिहा. रंग गोंधळ करत असतील तर ब्लॅक अँड व्हाइट करा. याच्या पुढचं एडिटिंग नको, डोळा जरा काळा केला, ओठ जरा वळवला, मग त्यात तुम्ही काढलेलं चित्र राहतं, सापडलेलं नाही.

हेच दगडाला लागू. किल्ल्यावर दगडात तोंड दिसलं म्हणून खडूने, ऑइल पेंटने डोळे रंगवून ठेवणारे महाभाग आहेत. तसं करू नका, संरक्षित किल्ल्यावर तो गुन्हाही आहे, आणि पुढच्या माणसाला स्वतःहून बघायची संधी तुम्ही मारून टाकता ते वेगळंच.

आपल्याकडे चेहऱ्याच्या आधी गणपती दिसतो हे पण माहीत असू द्या. एक वळलेली सोंड आणि दोन पसरट कान एवढं जमलं की झालं, वांगं, बटाटा, आलं, रुईचं मूळ, ढग, काहीही. कोणी श्रद्धेने देव्हाऱ्यात ठेवलेलं असेल तर तिथे जाऊन पॅरेडोलियावर भाषण द्यायला आपण आलेलो नाही, नमस्कार करा आणि फोटोची परवानगी विचारा. मात्र त्याचा बाजार मांडलेला असेल तर लांब राहा. अमेरिकेत २००४ मध्ये एका बाईंनी येशूच्या आईचा, मेरीचा चेहरा दिसतो म्हणून दहा वर्षं जपलेलं चीज सँडविच ऑनलाइन लिलावात २८ हजार डॉलरला विकलं, म्हणजे बाजार कुठवर जातो ते बघा.

व्हॉट्सअॅपवर येणारे 'निसर्गाचा चमत्कार' टाइपचे फोटो, डोंगराला हुबेहूब शिवाजी महाराजांचा नाहीतर साईबाबांचा चेहरा, पापण्यांसकट, हे आता बहुतेक एआयने बनवलेले असतात. खऱ्या डोंगरातला चेहरा नेहमी थोडा बिघडलेला असतो, एक कान नसतो, हनुवटी दगडात विरघळलेली असते. एकदम परफेक्ट असला की संशय घ्या. जागेचं नाव विचारा, मग त्याच जागेचा दुसऱ्या बाजूने काढलेला फोटो शोधा, गूगल लेन्स आहेच. नाव नाही, दुसरा फोटो नाही, तर पुढे पाठवू नका.

एक शेवटचं, जे लोक घाबरत विचारतात, सारखे चेहरे दिसतात म्हणजे डोक्यात काही बिघाड आहे का हो? नाही. 'यात चेहरा दिसतोय' आणि 'हा सॉकेट आहे' ही दोन्ही वाक्यं तुम्हाला एकाच वेळी पटत असतील तर सगळं ठीक आहे. पण घरातलं वयस्कर माणूस पडद्यावरच्या फुलांमध्ये खरंच माणसं बसलीत असं म्हणायला लागलं, त्यांच्याशी बोलायला लागलं, त्यांना घाबरायला लागलं, तर त्यावर हसू नका आणि म्हातारपण म्हणून सोडूनही देऊ नका. पार्किन्सन आणि लेवी बॉडी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) या आजारांमध्ये असं होऊ शकतं. डॉक्टरकडे न्या, आणि कशात, कोणत्या वेळी, किती उजेडात दिसतं ते लिहून न्या, त्यांना त्याचा उपयोग होतो.